मायक्रोकॉझॅलिटी पाळूनही सॉर्किनचा सिग्नल कसा जातो?

प्रकाशशंकू:
क्वांटम फील्ड थिअरीच्या हाग-कास्लर (१९६४) चौकटीत अवकाशकाळाच्या प्रत्येक मर्यादित प्रदेशाला एक बीजगणित (तिथल्या ऑपरेटरांचा संच) मिळतं आणि स्पेसलाइक, म्हणजे एकातून दुसऱ्यात प्रकाशही पोहोचत नाही अशा, प्रदेशांची बीजगणितं आपसांत कम्यूट होतात (गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही); हीच मायक्रोकॉझॅलिटी. दोन प्रदेश असतील तर एवढं पुरतं: एकीकडे काहीही मोजा, दुसरीकडची सरासरी हलत नाही. भौतिकशास्त्रज्ञ सॉर्किनने १९९३ मध्ये तीन प्रदेश घेतले. क आणि ग स्पेसलाइक. ख पसरट, त्याचा काही भाग क च्या भविष्यात, काही ग च्या भूतकाळात. ख मध्ये प्रोजेक्शनने मोजलं की क मध्ये दिलेला धक्का ग मध्ये दिसतो, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान सिग्नल. पण सॉर्किनचा प्रोजेक्टर (हो-नाही उत्तराच्या मोजमापाचा ऑपरेटर) एक-कण अवस्थेशी जोडलेला आहे. स्थानिक बीजगणितं टाइप तीन या प्रकारची, म्हणजे मर्यादित रँकचा (मोजक्याच अवस्था निवडणारा) प्रोजेक्टर त्यांत बसतच नाही. मग ख मर्यादित ठेवला की हरकत संपत नाही का?

वेल_बीजगणित:
नाही संपत. त्या प्रोजेक्टरऐवजी ख मधला स्मिअर केलेला (प्रदेशभर भारित सरासरी घेतलेला) फील्ड ऑपरेटर घ्या. त्याला क्ष म्हणू. मुक्त स्केलर फील्ड धरा. क्ष चे स्पेक्ट्रल प्रोजेक्टर (क्ष ची किंमत अमुक पट्ट्यात आहे का हे सांगणारे) ख च्या बीजगणितात निश्चितपणे आहेत. आता क्ष ची किंमत रुंदी ड असलेल्या समान खणांमध्ये मोजा आणि निकाल फेकून द्या, म्हणजे नॉन-सिलेक्टिव्ह मोजमाप.

ग मधला वेल ऑपरेटर (स्मिअर केलेलं फील्ड ई च्या घातात घालून बनलेला युनिटरी) व घ्या. व मुळे क्ष हा क्ष + स होतो; स हा कम्युटेटरमधून (गुणाकाराच्या दोन क्रमांतल्या फरकातून) येणारा साधा आकडा. मोजमापानंतर व च्या जागी व × फ(क्ष) येतं. क्ष आणि क्ष + स एकाच खणात पडले तर फ ची किंमत १, नाहीतर ०. अडचण इथेच आहे: फ हा आकडा नाही, क्ष चं फलन आहे. क मधल्या धक्क्याने व ला काही होत नाही, पण क्ष एका आकड्याने, ट ने, सरकतो आणि फ(क्ष) चं फ(क्ष + ट) होतं. ग मधली सरासरी ट वर अवलंबून राहिली, म्हणजे सिग्नल गेला. (ट हा ड च्या पूर्ण पटीत असेल तर फरक दिसत नाही, कारण फ आवर्ती आहे. हिशेब तपासताना ट = ड घेऊन फसू नका.)

प्रकाशशंकू:
म्हणजे दोष खणांच्या तीक्ष्ण कडांचा? गाऊसियन मोजमाप घेतलं तर?

वेल_बीजगणित:
मग अडचण जाते. सिग्मा रुंदीचे गाऊसियन क्राउस ऑपरेटर (मोजमापाने अवस्था कशी बदलते हे सांगणारे) वापरले की व ला फक्त एक आकडा गुणला जातो: ई चा घात उणे स² भागिले ८ सिग्मा². ग मधली माहिती पुसट होते, पण क चा मागमूस त्यात नाही. ग चं बीजगणित वेल ऑपरेटरांनीच बनतं, त्यामुळे तिथल्या प्रत्येक ऑपरेटरला हे लागू आहे.

मात्र दोष फक्त कडांचा समजू नका. ख मध्ये मोजमाप न करता क्ष² ने बनलेला युनिटरी धक्का द्या. तिथे कडा नाहीतच, तरी सिग्नल जातो. क्ष² म्हणजे दोन वेगळ्या बिंदूंवरच्या फील्डच्या गुणाकाराचं दुहेरी इंटिग्रल. ख ची दोन टोकं क्षणात जोडणारं कपलिंगच ते. एकाच बिंदूवरच्या नॉर्मल-ऑर्डर केलेल्या (अनंत भाग वजा केलेल्या) वर्गाचं स्मिअरिंग घेऊन धक्का काळक्रमाने (टाइम-ऑर्डर करून) दिला तर तसं होत नाही. थोडक्यात, कुठला ऑपरेटर कुठल्या प्रदेशाचा एवढंच हाग-कास्लर चौकटीची गृहीतकं सांगतात. तो ऑपरेटर वापरून तिथे कुठली क्रिया घडवता येईल, यावर ती गप्प आहेत. माझ्या मते या चौकटीतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

प्रोब_फील्ड:
ती भरण्याचा सर्वांत नेटका मार्ग फ्यूस्टर आणि फेर्ख यांचा (२०२०). मोजमाप वरून लादायचं नाही. प्रोब म्हणून दुसरं क्वांटम फील्ड घ्यायचं, मर्यादित प्रदेशात मूळ फील्डशी स्थानिकपणे जोडायचं आणि शेवटी प्रोबवर वाचन करायचं. मोजमापानंतर अवस्था कशी बदलायची हा अपडेटचा नियम मग स्कॅटरिंगमधून (दोन फील्डच्या परस्परक्रियेच्या आधी-नंतरच्या तुलनेतून) निघतो. बोस्टेलमान, फ्यूस्टर आणि रूप यांनी २०२१ मध्ये दाखवलं की अशा मोजमापांत सॉर्किनचा सिग्नल उरत नाही: ग चा ऑपरेटर मागे नेला तरी तो ग च्या भूतकाळाच्या शंकूतच राहतो, आणि क तिथे नाही. ग्लोबली हायपरबोलिक (आधी-नंतरचा क्रम नीट ठरतो अशा) वक्र अवकाशकाळातही हेच चालतं.

एखादी क्रिया हातात असेल तर चाचणी सोपी आहे. ती ग च्या प्रत्येक ऑपरेटरवर लावा आणि उत्तर क च्या संपूर्ण बीजगणिताशी कम्यूट होतं का पाहा. क आणि ग ची प्रत्येक स्पेसलाइक जोडी तपासायला हवी. एका जोडीत जमलं म्हणून सुटलो असं होत नाही.