‘खंजर’ मोहीम फत्ते झाली का?
अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात अमेरिकी मरीन सैनिकांनी काढलेल्या ‘खंजर’ मोहिमेत तालिबान फारसे लढलेच नाहीत, म्हणजे मोहीम फत्ते, असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. २ जुलै २००९ च्या पहाटे सुमारे ४,००० मरीन आणि ६५० अफगाण जवान नावा, गरमसीर भागात शिरले, तेव्हा बरेच तालिबानी शस्त्रं लपवून गावात मिसळले. पुढे जीव घेतले ते रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांनी. मरीन तुकड्यांचे प्रमुख जनरल निकोल्सन यांचा भरच मुळी गावात मुक्काम ठोकून लोकांचा विश्वास मिळवण्यावर होता. (२० ऑगस्टची अफगाण अध्यक्षपदाची निवडणूकही तोंडावर होती.) मग शत्रू पांगला एवढ्यावरून यश कसं मोजायचं? हेलमंडमधल्याच मर्जा या तालिबानच्या ठाण्यासाठी फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा मोठी मोहीम काढावी लागलीच.