पोस्टग्रेसमध्ये ग्नूटीएलएस: मोठ्या निकालावर लिबपीक्यू अडकतं, आणि कामाची वाटणी

रेकॉर्ड_१६के: आम्ही तिघे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ओपनएसएसएलच्या जोडीने ग्नूटीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारी तशीच दुसरी लायब्ररी) चालावं म्हणून पॅच लिहितोय. बिल्ड होतं, हँडशेकही (जोडणीच्या सुरुवातीची बोलणी) होतो. पण क्वेरीचा निकाल मोठा असला की लिबपीक्यू (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) मधेच थांबतं, सर्व्हरने मात्र सगळं पाठवलेलं असतं. काय राहिलंय? आणि तिघांत काम कसं वाटावं?

सॉकेटवाला: टीएलएसचं (एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल) एक रेकॉर्ड, म्हणजे डेटाचा एक तुकडा, 16 केबीपर्यंत असतं. ग्नूटीएलएस लायब्ररी ते अख्खं सॉकेटवरून उचलून उलगडते. लिबपीक्यूने त्यातलं थोडंच मागितलं, तर उरलेले बाइट लायब्ररीकडेच पडून राहतात. मग पोल लावून (सॉकेटवर काही आलंय का हे सिस्टिमला विचारून) कितीही वाट पाहा, सॉकेटवर नवं काही येणारच नाही. पोल लावण्याआधी लिबपीक्यू 'पीजीटीएलएस_रीड_पेंडिंग'ला विचारतं. तुमचं ते फंक्शन बहुतेक कायम 'नाही' म्हणतंय. तिथे 'ग्नूटीएलएस_रेकॉर्ड_चेक_पेंडिंग' बोलवा.

हे सुटलं की लिहिण्याची बाजू तपासा. 'अगेन' (आत्ता जमलं नाही, पुन्हा करा) एरर आली की सॉकेट वाचायला हवंय की लिहायला, हे 'ग्नूटीएलएस_रेकॉर्ड_गेट_डायरेक्शन' सांगतं: 0 म्हणजे वाचन, 1 म्हणजे लेखन. पुन्हा पाठवताना बफर आणि लांबी तीच द्या, नाहीतर नल आणि 0.

पॅच_वाचक: वाटणी सोपी आहे: एकाकडे सर्व्हरची फाइल, दुसऱ्याकडे लिबपीक्यूची, तिसऱ्याकडे बिल्ड आणि टेस्ट. हॅश, एचमॅक (किल्ली वापरून काढलेला हॅश) यांना आत्ता हात लावू नका, पोस्टग्रेसचा स्वतःचा पर्यायी कोड आहेच. पीजीक्रिप्टो हे एन्क्रिप्शनचं एक्स्टेन्शन पोस्टग्रेस 15 पासून ओपनएसएसएलशिवाय बिल्ड होत नाही. ते आणि एसएसएलइन्फो (जोडणीच्या सर्टिफिकेटची माहिती देणारं एक्स्टेन्शन) सध्या वगळा.

चॅनल बाइंडिंग (सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या हॅशने लॉगिन त्याच टीएलएस जोडणीशी बांधणं) मात्र सोडून चालणार नाही. सर्टिफिकेटची सही एमडी5 किंवा एसएचए-1 ची असेल तर हॅश एसएचए-256 ने काढायचा, एरवी सहीतलाच अल्गोरिदम. इथे दोन्ही टोकांचा मेळ बसला नाही तर पासवर्ड बरोबर असूनही स्क्रॅम (पासवर्ड तपासण्याची पद्धत) लॉगिन नाकारतं.

सॉकेटवाला: पोस्टग्रेस 17 पासूनच्या थेट टीएलएस जोडणीला एएलपीएनही (हँडशेकमध्येच प्रोटोकॉलचं नाव सांगण्याची सोय) लागतं, नाव 'पोस्टग्रेसक्यूएल'.

जुना_हॅकर: एनएसएस या आणखी एका टीएलएस लायब्ररीसाठीचा पॅच आठवा. त्यावर खूप मेहनत झाली, पण तो शेवटी मागे घेतला गेला. त्या खटाटोपातून टिकलं ते सामाईक काम: पोस्टग्रेस 14 मधला 'विथ-एसएसएल' हा बिल्डचा पर्याय, टेस्टमधला वेगळा केलेला बॅकएंड. म्हणून लायब्ररीशी संबंध नसलेली साफसफाई स्वतंत्र छोट्या पॅचमध्ये आधी पाठवा. 'एसएसएल_सायफर्स'चं (चालतील त्या सायफरची सेटिंग) काय करणार हेही पहिल्याच मेलमध्ये लिहा: ओपनएसएसएलच्या पद्धतीची यादी ग्नूटीएलएसच्या प्रायॉरिटी स्ट्रिंगला (त्याची सायफर निवडण्याची स्वतःची पद्धत) कळत नाही, आणि रिव्ह्यूत पहिला प्रश्न तोच येईल.