सांधेदुखीवर मधमाशीचं विष आणि मध: पुण्यात याला रीतसर जागा द्यावी का?

मधुकोष (धागालेखक)

माझी भूमिका आधीच सांगतो. मधमाशीच्या विषाला सांधेदुखीच्या उपचारात मोजूनमापून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली जागा मिळायला हवी. त्यासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर दुसरं नाही. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून उभी आहे, महाबळेश्वरचे मधपाळ काही तासांवर आहेत, आयुर्वेद आणि ॲलोपॅथी या दोन्ही शाखांची महाविद्यालयं गावातच आहेत.

विषाच्या कोरड्या वजनाचा ४० ते ५० टक्के भाग मेलिटिनचा असतो. ही २६ अमिनो आम्लांची साखळी. बाकी ॲपामिन, फॉस्फोलायपेज ए-२, हायलुरोनिडेज वगैरे. मारिबोरचे डॉक्टर फिलिप टेर्च यांनी डंख आणि संधिवात यांच्या संबंधावर १८८८ साली निबंध छापला, तेव्हापासून हा विषय वैद्यकात आहे. दक्षिण कोरियात शुद्ध केलेल्या विषाच्या इंजेक्शनला २००३ मध्ये परवाना मिळाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे ५०० हून अधिक रुग्ण होते. १२ आठवड्यांनंतर विष टोचलेल्या गटात वेदना आणि हालचाल या दोन्हींत जास्त सुधारणा दिसली. तुलनेच्या गटाला नुसतं पाणी नव्हे, हिस्टामिन (खाज-चुरचुर आणणारं द्रव्य) टोचलं होतं, म्हणजे चुरचुर त्यांनाही होत होती. हा मुद्दा टीकाकार सोडून देतात.

आणि विषासाठी माशी मारावी लागत नाही. काचेच्या पट्टीवर तीन-चार मिलिमीटर अंतराने तारा ताणायच्या, पट्टी पेटीच्या दाराशी ठेवायची आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरून थांबत थांबत सौम्य प्रवाह सोडायचा. माशी काचेवर डंख मारते, पण नांगी काचेत रुतत नाही, त्यामुळे माशी वाचते. वाळलेलं विष पात्यानं खरवडून गडद बाटलीत, थंडीत ठेवायचं. एका माशीकडून सुमारे ०.१ मिलिग्रॅम विष मिळतं, म्हणजे एका ग्रॅमला १०,००० डंख.

मधाबद्दल एवढंच, की रोज दोन मोठे चमचे गरम पाण्यातून घेतल्यानं कोणाचं नुकसान होत नाही.

निदान_आधी

मधुकोष, तुमचं 'सांधेदुखी' हे एकच नाव किमान तीन वेगळ्या आजारांना झाकतं, आणि माझा सगळा विरोध तिथून सुरू होतो.

गुडघ्याची झीज: चढ-उतारानं दुखतं, सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. आमवात: बोटांचे आणि मनगटाचे लहान सांधे, दोन्ही बाजूंना, सूज येते आणि सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही. गाउट: रात्रीतून पायाच्या अंगठ्याचा सांधा लालभडक होतो, चादर टेकली तरी सहन होत नाही. तुम्ही सांगितलेली २०१९ ची चाचणी पहिल्या आजाराची आहे. तिचा आधार घेऊन आमवाताच्या रुग्णाला डंख देणं म्हणजे एका घराच्या किल्लीनं दुसरं घर उघडायला जाणं.

आमवातात हाडाची खरवड आजाराच्या पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झालेली खरवड परत भरत नाही. मेथोट्रेक्सेट हे औषध त्यासाठीच लवकर सुरू करतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरल्या वेळी रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या. (रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा.) परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात कुणीतरी 'आधी नैसर्गिक करून बघू' म्हणतं. डंखानंतर दोन दिवस दुखणं कमी वाटतं, गोळी सुटते आणि सांधे वाकडे होत राहतात. मला विषापेक्षा या गेलेल्या महिन्यांची जास्त काळजी वाटते.

आता 'मधानं नुकसान नाही' हे वाक्य. मधात सुमारे ८० टक्के साखर आहे, त्यातली निम्म्याच्या आसपास फ्रुक्टोज. यकृतात फ्रुक्टोजचं विघटन होताना यूरिक ॲसिड तयार होतं. गाउटच्या रुग्णाला रोज दोन मोठे चमचे मध सुचवणं हे सरळ सरळ चुकीचं आहे. झीज असलेल्यांसाठी हिशेब वेगळा: दोन मोठे चमचे म्हणजे ४० ग्रॅम, साधारण १२० किलोकॅलरी. शरीराचं एक किलो वजन कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, हे मोजून दाखवलेलं आहे. त्या माणसाला वाढीव साखर नको आहे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हवे आहेत.

शनिवारातले_वैद्य

'गरम पाण्यातून मध' हे वाचून राहवले नाही. मध उष्ण करून किंवा उष्ण द्रव्यासोबत घेऊ नये असे चरक आणि सुश्रुत दोघेही स्पष्ट सांगतात. आयुर्वेदाच्या नावावर ही सवय खपवू नये.

दुसरे असे की चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात, मधाचे गुण वातल, गुरू (जड), शीत आणि रूक्ष (कोरडा) असे दिले आहेत. वातल म्हणजे वात वाढवणारा. संधिगत वातात, म्हणजे सांध्यांच्या झिजेत, आम्ही स्नेहन (तेल-तूप) आणि स्वेदन (शेक) सांगतो, कारण सांध्यातली रूक्षता कमी करायची असते. तिथे रूक्ष आणि शीत द्रव्य मुख्य औषध म्हणून कसे चालेल? मध योगवाही आहे, म्हणजे ज्या औषधासोबत दिला त्याचे काम तो पुढे नेतो. तेव्हा अनुपान (औषधासोबत घ्यायचे द्रव्य) म्हणून, चाटणापुरता, अर्धा चमचा. त्याहून मोठी भूमिका त्याला देऊ नये.

मधुकोष

वैद्यबुवा, सुश्रुतसंहितेत मात्र मध लघू म्हटला आहे, आणि पिच्छिल (बुळबुळीत), मधुर व कषाय (तुरट) असल्यामुळे तो वातपित्तघ्नही, म्हणजे वात-पित्त कमी करणाराही, सांगितला आहे. एकाच ग्रंथावर निकाल कसा द्यायचा?

शनिवारातले_वैद्य

सुश्रुताचा उल्लेख बरोबर आहे. मतभेद ग्रंथांतच आहे, आणि म्हणूनच तर रुग्णाची प्रकृती, आम (अपचनातून साठलेला दोष) आहे की नाही, स्थूलता किती, हे पाहून ठरवायचे. स्थूल, कफप्रधान रुग्णाला जुना मध थंड पाण्यातून लेखनासाठी, म्हणजे मेद खरवडून कमी करण्यासाठी, देता येतो. कृश, कोरड्या त्वचेच्या, सांधे कटकट वाजणाऱ्या वृद्धाला तोच मध देऊ नये. सर्वांना सरसकट दोन चमचे हा सल्ला दोन्ही ग्रंथांत नाही.

काउंटरच्या_मागे

औषधांच्या बाजूनं तीन गोष्टी.

पहिली, 'मधमाशीच्या विषाचं क्रीम'. मेलिटिनच्या रेणूचं वजन सुमारे २,८५० डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) आहे. जखम नसलेल्या त्वचेतून साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू सहजी आत जात नाहीत. मग लावल्यावर गरम का वाटतं? ट्यूब उलटी करून घटक वाचा: मिथाइल सॅलिसिलेट, मेन्थॉल, कापूर, कॅप्साइसिन यांपैकी काहीतरी बहुधा असतंच. त्यांचा उपयोग होतोही, पण मग त्याच घटकांचं साधं मलम स्वस्तात घ्या. विषाच्या गोळ्या-कॅप्सूल तर पूर्ण वाया: मेलिटिनसारखं पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) पोटात पचून जातं.

दुसरी, सांधेदुखीवर मध-दालचिनी घ्या असं सांगणारा संदेश. दर काही महिन्यांनी फिरणाऱ्या त्या संदेशात कोपनहेगन विद्यापीठाचं आणि २०० रुग्णांचं नाव घेतलेलं असतं. त्याचा माग १९९५ सालच्या एका सनसनाटी अमेरिकन साप्ताहिकापर्यंत जातो, संशोधनापर्यंत नाही. बाजारातली जाड, गडद, एकेरी गुंडाळीची साल बहुतेक कॅशिया (दालचिनीचीच दुसरी जात) असते आणि तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं घातलेली मर्यादा रोज प्रतिकिलो ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका चमचा पुडीत ती ओलांडली जाऊ शकते. कुमारिनचा त्रास यकृताला होतो आणि मेथोट्रेक्सेटचाही यकृतालाच. दोन्ही एकत्र रोज घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर डंखाची तीव्र ॲलर्जी आल्यावर जीव वाचवायला टोचतात ते ॲड्रेनलिन नीट काम करत नाही. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही याच जातीचे. रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही जपावं. आणि गुडघेदुखीच्या वयातच या गोळ्या सर्वाधिक चालू असतात!

सातेरी

मधपाळांच्या बाजूनं लिहिते, कारण जिवंत माशीचे डंख देणाऱ्यांचा 'एक माशी म्हणजे एक मात्रा' हा हिशेब कुठल्याच पेटीवर बसत नाही.

नुकत्याच बाहेर पडलेल्या कामकरी माशीच्या पिशवीत विष जवळजवळ नसतं. दोन-तीन आठवड्यांत ते भरतं, म्हणजे दाराशी राखण करणारी माशी सगळ्यात 'भरलेली'. सातेरी या देशी माशीत मेलिफेरा या युरोपीय माशीपेक्षा कमी विष, आग्यामाशीत जास्त. नांगी पाच सेकंदांत काढली तर थोडं विष जातं, मिनिटभर राहू दिली तर पिशवीतलं स्नायूंचं पंपिंग चालू राहून जवळजवळ सगळं. अशी मात्रा दहा पटींनी हलते, तिला औषध म्हणू नये. डंख चुकून बसलाच तर नखानं खरवडा किंवा चिमटीनं ओढा, पद्धतीला फारसं महत्त्व नाही. उशीर नको.

विष गोळा करण्याच्या पट्टीबद्दलही पूर्ण माहिती द्यायला हवी होती. डंखाबरोबर धोक्याचा गंध सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, आणि सगळी वसाहत चवताळते. शेजारच्या पेट्याही. बावधन-पाषाणच्या सोसायटीत गच्चीवर दोन पेट्या ठेवणाऱ्यांनी हे मुळीच करू नये. वस्तीपासून दूर, एका वेळी २०-३० मिनिटं, आणि त्याच पेटीवर लगेच पुन्हा नाही. खरवडताना मास्क आणि चष्मा लागतो, कारण वाळलेल्या विषाची धूळ नाकाडोळ्यांत जाते आणि गोळा करणाऱ्यालाच ॲलर्जी जडू शकते.

जिवंत माशीच्या उपचारात तर प्रत्येक डंखाला एक माशी मरते. मधपाळाला परागीभवनातून आणि मधातून मिळकत आहे, ती सोडून माश्या डब्यात भरून विकण्याला माझा ठाम विरोध आहे.

मधुकोष

सातेरी, जिवंत माशीच्या मात्रेबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचंच उत्तर म्हणून तर मी शुद्ध, वजन केलेलं विष म्हणतोय. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असलेल्यांना ती घालवण्यासाठी जगभरचे ॲलर्जीतज्ज्ञ हेच विष इंजेक्शनातून देतात. अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एका डंखाइतकं, आणि मग तीच मात्रा काही वर्षं. तो मान्य उपचार आहे. मग वजन केलेलं विष ॲलर्जीसाठी सुरक्षितपणे देता येतं आणि गुडघ्यासाठी येत नाही, हे कसं? पद्धत तीच ठेवा: आधी त्वचेची चाचणी, सर्वांत कमी मात्रा, प्रत्येक वेळी किमान अर्धा तास दवाखान्यात थांबवणं, बीटा-ब्लॉकरवाल्यांना सुरुवातीलाच वगळणं. यात अशास्त्रीय काय आहे?

निदान_आधी

अशास्त्रीय काही नाही, तराजू वेगळा आहे. ॲलर्जीच्या रुग्णाला पुढचा अपघाती डंख मारू शकतो, म्हणून तो धोका पत्करायचा. झिजलेल्या गुडघ्यानं माणूस मरत नाही. तिथे उपचारानं जिवाला नवा धोका उभा करायचा असेल तर फायदाही तेवढाच भक्कम हवा. एका चाचणीवर तो सिद्ध होत नाही.

धोका किती, तर २०१५ च्या आढाव्यात सलाइन टोचलेल्यांच्या तुलनेत विष टोचलेल्यांना त्रास होण्याचं प्रमाण साडेतीनपटीहून जास्त निघालं. बहुतेक त्रास खाज-सुजेचे, हे मान्य. पण २०१८ मध्ये स्पेनमधल्या ५५ वर्षांच्या बाईंची केस प्रसिद्ध झाली: दोन वर्षं दर चार आठवड्यांनी जिवंत माश्यांचे डंख घेत होत्या, आधी काही त्रास नव्हता, आणि एका बैठकीत तीव्र ॲलर्जीनं कोसळल्या. पुढे त्या दगावल्या. विषबाधेला शेकडो डंख लागतात, ॲलर्जीला एक पुरतो, आणि 'आधी काही झालं नाही' याचा अर्थ 'पुढे होणार नाही' असा नसतो. वारंवार विष शरीरात गेल्यानंच संवेदनशीलता तयार होते. त्वचेची चाचणी त्या दिवसापुरती खरी.

नैतिक समितीच्या परवानगीनं, रुग्णालयात, झिजेच्या रुग्णांवर पुण्यात चाचणी होणार असेल तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन. मंगल कार्यालयात डंख देणाऱ्या शिबिराच्या बाजूनं कधीच नाही.

मधुकोष

मंगल कार्यालयाचं समर्थन मी कुठेच केलेलं नाही. चाचणी व्हावी हीच मागणी आहे, आणि ती कोणी पुढे नेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कर्वेनगर_वाचक

सगळं वाचलं. तरीही घरातलं ज्येष्ठ माणूस अशा शिबिराला जाणारच असं म्हणत असेल, तर तिथे नेमकं काय बघायचं?

काउंटरच्या_मागे

निदान लेखी आहे का, चालू गोळ्यांची यादी कोणी विचारते का, आणि ॲड्रेनलिन खोलीत आहे का. 'ॲलर्जीची गोळी ठेवली आहे' हे उत्तर चालणार नाही. घसा सुजायला लागला की गोळी पोचेपर्यंत वेळ गेलेली असते.

ॲड्रेनलिनचा ॲम्प्यूल १ मिलिलिटरचा, त्यात १ मिलिग्रॅम. प्रौढाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करायचे, एकदम उठवायचं नाही. धाप लागली असेल तर टेकून बसू द्यायचं, आणि १०८ ला लगेच फोन. ते टोचायला प्रशिक्षित माणूस समोर हवा. ॲम्प्यूल हातात घेऊन मुदतीची तारीख बघा आणि उजेडात धरा: द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. गुलाबी किंवा तपकिरी झाला असेल तर औषध उतरलेलं आहे, त्यांना तसं सांगा आणि ज्येष्ठांना घेऊन घरी या.