‘इन्मेट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठी अमेरिकेत पूर्वी ज्या मोठ्या सरकारी संस्था होत्या, त्यांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. जुन्या अहवालांत तिथल्या माणसांना ‘इन्मेट’ म्हटलंय. ‘कैदी’ फार कडक वाटतो. ‘निवासी’ चालेल का? एकांनी ‘अंतेवासी’ सुचवलाय.

उत्तर:
अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. डॉक्टर सॅम्युएल हाउ यांनी १८४८मध्ये बॉस्टनला अशा मुलांची शाळा काढली, ती त्यांना शिकवून घरी परत पाठवण्यासाठी. त्या सुरुवातीच्या काळापुरतं सरळ ‘विद्यार्थी’ लिहा. पुढे पाटीवर ‘शाळा’ तशीच राहिली, पण घरी पाठवणं मागे पडलं.

‘निवासी’ मला खटकतो. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक स्टेट स्कूलमध्ये ४,००० जणांच्या जागेत १९६५च्या सुमारास ६,०००हून जास्त माणसं होती. एकेका मुलाला भरवायला दोन-तीन मिनिटं मिळत, असं १९७२मध्ये तिथल्याच एका डॉक्टरांनी सांगितलं. दोन मिनिटांत घास चावून होत नाही हो, नुसता कोंबला जातो. याला निवास कसं म्हणायचं?

सरकारी मराठीत ‘प्रवेशित’ आहे. रूप कर्मणी आहे, म्हणजे प्रवेश दुसऱ्या कुणीतरी दिला, हे त्यात येतं. अहवालातल्या उताऱ्यांना तो चांगला बसेल. पण तुमच्या स्वतःच्या निवेदनात नको, फार कोरडा आहे. घरोघरी आपण काय म्हणतो? ‘त्याला संस्थेत ठेवलंय.’ वस्तू ठेवावी तसं. खरी गोष्ट त्या क्रियापदात आहे, म्हणून ‘संस्थेत ठेवलेली माणसं’ लिहा. बायकांबद्दल मात्र ‘संस्थेत’ हा शब्द गाळू नका, नुसत्या ‘ठेवलेली’चा अर्थ भलताच होतो.

आणि ‘ईडियट’, ‘इम्बेसाइल’, ‘मोरॉन’ आले तर ‘मूर्ख’ करू नका. त्या काळी त्या वैद्यकीय प्रतवारीच्या संज्ञा होत्या. ‘मोरॉन’ तर मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी १९१०मध्ये मुद्दाम घडवला. तसेच ठेवा, अवतरणात.

प्रश्न:
पटलं. मग ‘पेशंट वर्कर’? मी ‘मदतनीस’ केलंय.

उत्तर:
बदला. मदत आपखुशीची असते. इथे संस्थेत ठेवलेल्यांपैकीच त्यातल्या त्यात सक्षम मुली दुसऱ्यांना न्हाऊमाखू घालायच्या, भरवायच्या, ढीगभर चादरी धुवायच्या, तेही बिनपगारी किंवा नावापुरत्या पैशांवर. अशा कामाला किमान वेतन लागू होतं, हे न्यायालयाने ठरवायला १९७३ उजाडलं. नाम शोधत बसू नका, क्रियापद घ्या: ‘धुलाईघरात तिला राबवून घेत.’