आग विझवायची यंत्रणा ठीक असताना सेफ्टी ट्रेनिंगसाठी मशीन थांबवावीत का?

मोल्डिंगशॉप_चाकण
प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. दोन पाळ्यांत मिळून ४५ माणसं, निम्मी कंत्राटी. आग विझवायला एबीसी पावडरच्या ६ किलोच्या बाटल्या आणि इलेक्ट्रिक पॅनेलजवळ सीओटूची (कार्बन डायऑक्साइड) बाटली आहे. जानेवारी-जुलैचा फॉर्म बी वेळेवर जातो. तरीही ट्रेनिंग लागतं का? आणि त्यात नेमकं काय शिकवायचं?

फायर_ट्रेनर
लागतं. फॉर्म बी हा यंत्रणा चालू असल्याचा दाखला. ती वापरणाऱ्या हातांबद्दल त्यात काही नसतं.

६ किलोची बाटली साधारण १५-२० सेकंदांत संपते. नवखा माणूस घाबरून आधी हँडल दाबतो, मग पिन ओढतो. दाबलेल्या हँडलमध्ये पिन अडकते आणि बाटलीच खराब आहे असं समजून तो ती टाकून पळतो. ही चूक पीपीटी बघून सुटत नाही.

रिफिलला जाणाऱ्या बाटल्या आधी सरावाला वापरा, वेगळा खर्च नाही. ट्रेनर समोर असतानाच, मोकळ्यावर, पत्र्याच्या ट्रेमध्ये छोटी आग लावायची. वारा पाठीवर घ्यायचा, २-३ मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी डावी-उजवीकडे फिरवत मारायचं. फार जवळून मारलं तर पेटतं तेल उडतं, आणि तुमच्याकडे हायड्रॉलिक ऑइल आहेच. सीओटूचा हॉर्न (गॅस बाहेर पडतो ते पुढचं नळकांडं) उघड्या हाताने धरायचा नाही, कातडी गोठते. एका बाटलीत आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडायचं. आणि थोडी जरी वापरली तरी ती बाटली परत टांगू नका. पावडर व्हॉल्व्हमध्ये अडकून राहते नि प्रेशर निघून जातं.

सेफ्टी_नाशिक
वरचं सगळं बरोबर, पण तुमच्याकडे निम्मी माणसं कंत्राटी आहेत म्हणून मॉक ड्रिल (आग लागली असं समजून सगळ्यांनी बाहेर पडायचा सराव) मी आधी घेईन. बाहेर पडणं सोपं असतं, मोजणी चुकते. कंत्राटदाराची हजेरी वेगळ्या वहीत, ती वही आत ऑफिसात. मग एक माणूस कमी आहे की आज आलाच नाही, हे कोणी सांगू शकत नाही. दोन्ही याद्या गेटवर ठेवा. वेळ सायरनपासून शेवटचं नाव पुकारेपर्यंत मोजा.

दुसऱ्या ड्रिलला मुख्य दार मुद्दाम बंद ठेवा. मागच्या दाराला कुलूप आहे, समोर प्लास्टिक दाण्याच्या गोण्या रचल्यात, हे तेव्हाच कळतं. ग्राइंडरशेजारी सायरन ऐकू येतो का तेही बघा, नसेल तर फ्लॅशर (लुकलुकणारा दिवा) लावा.

मोल्डिंगशॉप_चाकण
रात्रपाळीला फक्त ९ माणसं असतात. त्यांचं काय?

सेफ्टी_नाशिक
त्यांची ड्रिल रात्रीच घ्या, दिवसा बोलावून नको. कामं नावानिशी वाटा: मेन स्विच कोण पाडणार, १०१ ला फोन कोण करणार, गेट उघडून गाड्या कोण हलवणार, मोजणी कोणाकडे. प्रत्येक कामाला बदली माणूस हवा.

फायर_ट्रेनर
त्या नऊ जणांतल्या दोघांना पुतळ्यावर सीपीआर शिकवाच. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी सप्लाय बंद, मग श्वास बघायचा. श्वास चालत नसेल तर एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मध्यावर ५-६ सेंमी खोल, मिनिटाला १००-१२० दाब सुरू करायचे. बहुतेक जण दाब फार हलका देतात, दोन मिनिटांत दमतात. म्हणून एकाला शिकवून भागत नाही.