मदत हवी आहे: सासूबाईंना शुक्रवारी घरी आणतोय (सिडको, नाशिक)

नमस्कार मंडळी. सासूबाई ७८ वर्षांच्या. बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, शुक्रवारी डिस्चार्ज. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्यावरून खुर्चीत बसवून वर नेणारी माणसं ॲम्ब्युलन्सवाले देतात का, की वेगळी बघावी लागतात?

डिस्चार्ज कार्डवर तेरा गोळ्या आहेत. बीपीची जुनी गोळी घरात चालूच होती, आता त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची लिहिलीय. मी डब्बा घेऊन विचारायला गेले म्हणून कळलं, नाहीतर दोन्ही दिल्या असत्या! तुमच्याकडे कोणी जुन्या-नव्या गोळ्या डॉक्टरांसमोर ताडून घेतल्या होत्या का? तक्ता कसा केलात?

वॉकर घेतलाय. संडास भारतीय पद्धतीचा, आणि खाली बसायचं नाही असं बजावलंय, त्यामुळे कमोड खुर्ची लागेल. सिडको किंवा इंदिरानगरकडे भाड्याने कुठे मिळते? दर दोन तासांनी कूस बदलायची आहे, म्हणून एअर गादीही हवी. रात्री सांभाळायला मावशी (पगारी मदतनीस) ब्युरोतून घ्यावी की ओळखीतून? मी दिवसा नोकरीला, नवरा रात्रपाळीला सातपूरला.

टाके पंधराव्या दिवशी काढायचे. ड्रेसिंग आणि फिजिओला घरी येणारं कोणी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. आणि हो, सासूबाईंना मावशी 'परकी बाई' म्हणून नकोच आहे, तिथे काय युक्ती केलीत तेही सांगा.