'डबल इन्डेम्निटी' पाहिला. यात प्रेम नक्की कुठं आहे?

उत्तररात्र

काल बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) पहिल्यांदा पाहिला. शेवट फुटेल म्हणून कुणी चिडू नका, सिनेमाच तो पहिल्या काही मिनिटांत फोडतो. खांद्यात गोळी घेऊन विमा एजंट वॉल्टर नेफ रात्री ऑफिसात येतो, आवाज टिपणाऱ्या डिक्टाफोनपुढे बसतो आणि सांगून टाकतो: पैशासाठी आणि बाईसाठी खून केला, पैसे मिळाले नाहीत आणि बाईही मिळाली नाही.

माझी अडचण अशी की वॉल्टर आणि ती लग्न झालेली बाई, फिलिस, एकमेकांसाठी वेडे झालेत असं सगळे म्हणतात, मला ते कुठंच दिसलं नाही. पहिल्या भेटीत त्याचं लक्ष तिच्या पायातल्या साखळीवर. गाडीच्या वेगमर्यादेवरून दोघांची ती चटपटीत जुगलबंदी होते, ऐकायला मजा येते, पण त्यात प्रेम? नंतर फार वेळ न जाता नवऱ्याच्या विम्याचा विषय निघतो. आणि खून झाल्यावर तर दोघं दुकानात डब्यांच्या रांगांमध्ये अनोळखी असल्यासारखे उभे राहून बोलतात, ती काळा चष्मा लावून. असल्या रुक्ष लफड्यासाठी कुणी माणूस मारेल?

आणि अपघाताला दुप्पट पैसे, हे काय प्रकरण आहे? तेही कुणी सांगा.

जुना_क्लेमवाला

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा होता. सव्वीस वर्षं दावे तपासले. सिनेमातलं फारसं कळत नाही, पण हा पाच वेळा पाहिलाय.

'डबल इन्डेम्निटी' म्हणजे अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम, आणि हा कंपनीचा दिलदारपणा नव्हे. जे सहसा घडत नाही त्यावर मोठा आकडा छापायला फारसं काही लागत नाही, आणि विकणाऱ्याला तोंडात घालायला एक गोड वाक्य मिळतं. सिनेमातली पॉलिसी पन्नास हजार डॉलरची आहे, पण मृत्यू रेल्वेत झाला तर एक लाख. वॉल्टर स्वतः एजंट, त्याला हे कलम पाठ. म्हणून नवऱ्याला मोटारीतच मारतात, पण 'पडायला' त्याला आगगाडीच लागते.

सगळा घोळ तिथं होतो. साधा पन्नास हजारांचा बेत असता तर कदाचित पचलाही असता. दुपटीसाठी कुबड्या आल्या, नवऱ्याच्या वेशात वॉल्टरने आगगाडीत चढणं आलं, शेवटच्या डब्याचा सज्जा आला, आणि त्या सज्जात बसलेला मेडफर्ड, ओरेगनचा तो जॅक्सन आला. एकेक डॉलर वाढवायला एकेक साक्षीदार.

आता माझं आवडतं. फिलिसच्या नवऱ्याचा, डायट्रिक्सनचा, पाय मोडलेला असतो, अपघाताची पॉलिसी खिशात असते, तरी तो पायाचा दावा करत नाही. क्लेम मॅनेजर बार्टन कीज तिथंच अडकतो. का नाही केला? कारण आपला असा काही विमा आहे हेच त्याला माहीत नव्हतं! मोटारीच्या विम्याचे कागद समजून त्याने सही ठोकलेली. कीज खोट्या दाव्याकडे बघत नाही, न केलेल्या दाव्याकडे बघतो. हे ज्याने लिहिलं त्याला आमच्या टेबलावर बसवला असता तर दोन महिन्यांत मला रजा द्यावी लागली असती.

मीही एकदा असा कीज व्हायला गेलो होतो. रात्री घराला आग, म्हातारा नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पळाला. यादीत गाद्या, कपाट, शिलाई मशीन, सगळं. चष्मा नाही. आणि गृहस्थ माझ्यासमोर चष्मा लावून बसलेले, एक काडी दोऱ्याने बांधलेली. म्हटलं, झोपेतून उठून पळणारा माणूस चष्मा शोधत बसतो होय? फाइल अडवून ठेवली. शेवटी मुलीने सांगितलं, बाबा चष्मा घालूनच झोपतात, कित्येक वर्षं. कीजच्या पोटात एक बुटका असतो, खोटा दावा आला की तो आतून ढुशा देतो. माझ्याही पोटात होता, पण बहुतेक नुसतं पित्त.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रेम आहे. तुम्ही चुकीच्या जोडीकडे बघताय.

उत्तररात्र

काका, चुकीची जोडी म्हणजे? कीज आणि वॉल्टर?

जुना_क्लेमवाला

हो, तेच. एक प्रसंग परत लावून बघा. कीज वॉल्टरच्या ऑफिसातल्या खोलीत येतो आणि म्हणतो, माझा सहायक हो. पगार पन्नास डॉलरने कमी होईल हेही सांगतो, म्हणजे बघा किती हुशार विक्रेता! मग दावे तपासणं म्हणजे काय यावर असं बोलतो की मला दरवेळी बसल्या जागी ताठ व्हायला होतं. त्याच्यासाठी दाव्याचा तो कागद माणसांच्या आयुष्याने भरलेला असतो. हे चालू असताना फोन वाजतो. फिलिस. ती दुसऱ्या टोकाकडून नवऱ्याच्या प्रवासाचा तपशील देतेय, वॉल्टर तिला 'मार्जी' म्हणत काहीतरी पुटपुटतोय, आणि कीज शेजारी उभा राहून हाताखाली घ्यायला निघालाय. एका कानात खून, दुसऱ्यात बढती. त्याच क्षणी वॉल्टर कुणाशी प्रतारणा करतो? डायट्रिक्सनला तर तो धड ओळखतही नाही.

वॉल्टर स्वतःच सांगतो की जुगारातल्या रूलेटच्या चक्राशी काम करणाऱ्या माणसासारखं आपलं डोकं बरेच दिवस चालत होतं: हे चक्र आतून कसं फसवता येईल? बाई नंतर आली. बाईने फक्त दार उघडलं.

आणि काड्या बघा. कीजकडे कधीही काडी नसते. तो सिगार तोंडात धरून खिसे चाचपतो, वॉल्टर अंगठ्याच्या नखावर काडी पेटवून पुढं धरतो. पूर्ण सिनेमाभर.

दुसरी_खिडकी

काका, कीजवरचं पटलं, पण फिलिसला 'दार उघडणारी बाई' म्हणून वाटेला लावू नका. बार्बरा स्टॅनविकने तो सोनेरी टोप चढवला तो दिसायलाच खोटा, आणि खोटाच दिसायला हवा. ती बाई नखशिखांत बनावट आहे. पण शेवटच्या भेटीत ती वॉल्टरवर एक गोळी झाडते आणि दुसरी झाडू शकत नाही. म्हणते, एका मिनिटापूर्वीपर्यंत मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नव्हतं. तो विश्वास ठेवत नाही, तिला जवळ घेऊन दोन गोळ्या घालतो. मला वाटतं ती तेव्हा खरं बोलत होती. सगळ्या सिनेमात एक मिनिटाचं प्रेम आहे, आणि ते नेमकं उशिरा.

मूळ गोष्ट जेम्स एम. केनची, १९३६ मध्ये मासिकातून क्रमशः आलेली. तिच्यामागे न्यूयॉर्कचं खरं प्रकरण आहे: १९२७ मध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे, कॉर्सेट विकणारा, यांनी तिच्या नवऱ्याला मारलं. त्यातही दुप्पट रकमेचा विमा होता. जानेवारी १९२८ मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं, आणि एका फोटोग्राफरने घोट्याला लपवून बांधलेल्या कॅमेऱ्याने तिचा शेवटचा क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. सिनेमातली ती घोट्यावरची साखळी बघताना मला दरवेळी तो कॅमेरा आठवतो. योगायोग असेल, पण आठवतो.

चुका_काढा

मी फक्त खुसपटं काढायला आलोय.

१. वॉल्टरच्या खोलीचं दार बाहेर उघडतं, म्हणजे बोळात. घरांची दारं अशी नसतात. पण फिलिसला दारामागे लपवायचं होतं ना.

२. वॉल्टर अविवाहित, तरी बोटात लग्नाची अंगठी. वॉल्टर झालेल्या फ्रेड मॅकमरेची स्वतःचीच, काढायची राहिली.

३. खुनानंतर गाडी चालू होत नाही तो प्रसंग, ही मात्र चूक नाही. वाइल्डरची स्वतःची गाडी सुरू होईना, तेव्हा त्याला सुचलं. हृदयाचा ठोका चुकतो राव.

सात ऑस्कर नामांकनं, एकही मिळालं नाही. असो.

उत्तररात्र

दारावरून आठवलं, आज तो प्रसंग पुन्हा पाहिला. कीज पायाच्या दाव्याची शंका सांगून निघतो, फिलिस दारामागे, आणि कीज लिफ्टपाशी पोहोचून काडीसाठी परत वळतो. काल मला फक्त 'आता पकडली जाणार' एवढंच वाटलं होतं. आज काडी दिसली. बाई दारामागे श्वास रोखून उभी, आणि वॉल्टर दुसऱ्याच माणसाचा सिगार पेटवतोय.

जुना_क्लेमवाला

आता शेवट बघा. वाइल्डरने वॉल्टरला गॅस चेंबरमध्ये मरताना चित्रित केलं होतं, कीज काचेबाहेरून बघतोय, असा. मग काढून टाकलं. बरंच झालं. आता तो ऑफिसच्या दारात कोसळतो. म्हणतो, ज्याला शोधत होतास तो तुझ्या टेबलासमोरच बसला होता, म्हणून सापडला नाही. कीज म्हणतो, त्याहूनही जवळ. मग वॉल्टर सिगारेट तोंडाला लावतो, हात उठत नाही. काडी कीज पेटवतो.

दुसरी_खिडकी

काका, ते चष्म्याचं राहिलं. दावा मंजूर झाला की नाही?

जुना_क्लेमवाला

झाला. माझ्यामुळे सात आठवडे उशिरा. म्हातारबुवा चेक न्यायला आले तेव्हा काडीला दोरा तोच होता. मी माफी मागितली, तर म्हणाले, साहेब, तुम्ही विचारलंत तेव्हा मलाही क्षणभर वाटलं, आपण खरंच आग लावली की काय.